भीतीच्या आजारावर उपचार मागितला तर 'करमणूक' म्हणून फाईल बंद : खान्देशच्या तिन्ही नियोजन समित्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री आणि सर्व सदस्य, जिल्हा नियोजन समिती, जळगाव, धुळे, नंदुरबार
तसंच या तिन्ही जिल्ह्यांत मानसिक आरोग्य कार्यक्रम बघणारे अधिकारी साहेब आणि मॅडम,

स. न.

आम्ही काही पेशंटच्या घरच्यांनी मिळून एक अर्ज केला होता. मागणी साधी होती, सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात भीतीच्या आजारांसाठी व्हीआर थेरपी (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांना हेडसेट लावून खऱ्यासारखं आभासी दृश्य दाखवून करायचा उपचार) सुरू करा, त्यासाठी एक हेडसेट द्या आणि तो वापरता येणारा शिकलेला माणूस द्या. एका कार्यालयातून त्याला उत्तर आलं, चार ओळींचं, की सदर साहित्य करमणुकीच्या स्वरूपाचे असून ग्रामीण भागात त्याची निकड दिसून येत नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाहीये, मला कुणा एका साहेबांशी भांडण काढायचं नाही, आणि ज्यांनी सही केली त्यांनी व्हीआर म्हणजे मॉलमध्ये पोरं डोळ्याला डबा लावून गेम खेळतात तेवढंच बघितलेलं असेल. पण हे उत्तर वाचून गप्प बसणं मला जमत नाहीये, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

मी कोण ते सांगते. माझे मिस्टर पवनचक्कीवर टेक्निशियन आहेत. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या बाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत त्या तुम्ही येता-जाता पाहिल्या असतीलच, त्या पात्यांच्या मागे जी पेटी दिसते ना तिथपर्यंत माणसाला चढून जावं लागतं, साठ-सत्तर मीटर, टॉवरच्या आतल्या सरळसोट शिडीने, अंगात बेल्ट आणि पाठीवर हत्यारांची पिशवी. ते काम यांनी कितीतरी वर्षं बिनधास्त केलं. मग एका आषाढात हे वर असताना वाऱ्याचा जोर एकदम वाढला आणि सोबतचा मुलगा घसरला, बेल्ट होता म्हणून लटकला आणि वाचला, खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. आठवडाभरात सगळे विसरले. पण पुढच्या चढाईला हे अर्ध्या शिडीवर पोचले आणि मूठ उघडेचना. वर जाता येईना, खाली उतरता येईना, छाती धडधडतेय, तोंड कोरडं पडलंय, त्यांना वाटलं अटॅकच आला. दोघा जणांनी दोर लावून खाली घेतलं. ईसीजी काढला तर नॉर्मल.

तिथून पुढे ती भीती शिडीपुरती राहिली नाही. आपल्याकडे मे महिन्यात अख्खं घर गच्चीवर झोपतं, खाली भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या असतात. हे एकटे खालच्या खोलीत कूलर लावून घामाने निथळत पडायचे. गच्चीच्या जिन्याला तिसऱ्या पायरीवर थांबायचे, भिंतीला पंजा लावून, आणि हात काढला की चुन्यावर घामाचा ओला ठसा राहायचा, तो मी रोज बघायची. सासूबाई म्हणायच्या, मन्हा पोरले नजर लागनी. उतारा झाला, भगत झाला. गल्लीतले म्हणायचे एवढा गडी माणूस आणि जिना चढायला भितो. ठेकेदाराने खालची कामं दिली, पगार कमी केला. या सगळ्यात त्यांना आजार आहे असं एकाही माणसाला वाटलं नाही, जवळच्या डॉक्टरांनी गोळी दिली तिने झोप लागायला लागली, घबराट थोडी कमी झाली, पण जिना काही चढता येईना.

तर हा आजार आहे, त्याला नाव आहे, उंचीचा फोबिया, आणि त्यावर उपचार आहे. तो उपचार फार जुना आणि समजायला सोपा आहे. भीती का टिकते? कारण आपण तिच्यापासून पळतो, आणि पळालं की लगेच बरं वाटतं, मग मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. उपचारात उलटं करायचं, जे भीतीचं आहे त्याच्यासमोर थोडं थोडं करून उभं राहायचं, आधी सोपं मग अवघड, आणि भीती आपोआप उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. वरातीत पहिल्यांदा बैलाच्या कानाशी ताशे वाजले की तो बुजतो, पण मालकाने दोरी धरून त्याला तिथेच थोडा वेळ उभा ठेवला तर त्याला कळतं की आवाज आहे, इजा नाही, तसंच हे. एक्सपोजर म्हणतात याला.

अडचण कुठे येते, तर पेशंटला त्या जागी नेणार कोण. डॉक्टर काही ओपीडी सोडून पेशंटबरोबर पवनचक्कीखाली जाऊन उभे राहणार नाहीत. विमानाची भीती असेल तर पन्नास वेळा विमानात बसवणार का? आणि मुळात खूप लोक खऱ्या गोष्टीसमोर जायलाच नाही म्हणतात. २००७ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी फोबिया असलेल्या १५० जणांना दोन्ही पर्याय समजावून सांगितले, तर खऱ्या वस्तूसमोरच्या उपचाराला २७ टक्के लोकांनी सरळ नकार दिला, व्हीआरला नकार देणारे फक्त ३ टक्के. मला यात काही आश्चर्य वाटलं नाही, आमच्या घरात तेच झालं. "चला गच्चीवर" म्हटलं की हे उठून बाहेर निघून जायचे, पण खोलीत बसून चष्मा लावायचाय म्हटल्यावर तयार झाले.

शेवटी नातेवाइकाच्या ओळखीने आम्ही दुसऱ्या शहरातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये गेलो. खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी, खाली साधी फरशी. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी आधी बराच वेळ नुसतं बोलून घेतलं, मग हेडसेट लावला. यांना जे दिसत होतं तेच मला समोर स्क्रीनवर दिसत होतं, पहिल्या मजल्याची बाल्कनी, बस. मान वळवली की दृश्य वळतं, खाली बघितलं की खाली रस्ता. आणि हा माणूस, ज्याला पक्कं माहितीये की आपण फरशीवर उभे आहोत आणि बायको दोन हातांवर बसलीये, त्याचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर वाकले आणि हात हवेत कठडा शोधायला लागला. मॅडमनी विचारलं शंभरपैकी भीती किती, म्हणाले ऐंशी. त्यांनी दृश्य बंद केलं नाही, वरच्या मजल्यावरही नेलं नाही, फक्त म्हणाल्या डोळे मिटू नका, खाली बघत राहा, मी इथेच आहे. थोड्या वेळाने परत विचारलं, सत्तर. परत, पन्नास. मग यांनी स्वतःहून एक पाऊल पुढे टाकलं. त्या दिवशी दुसरा मजला झालाच नाही. घरी करायला सांगितलं ते खऱ्या जिन्यावरचं, रोज एक पायरी वर, आणि तिथे भीती निम्मी होईपर्यंत थांबायचं.

मधूनमधून जमेल तसं जात राहिलो. यंदाच्या उन्हाळ्यात हे गच्चीवर झोपले. टॉवरवर सोबती घेऊन पहिल्या प्लॅटफॉर्मपर्यंत चढतात, वरपर्यंत अजून नाही. पुढचे सेशन राहिले कारण दर वेळी गाडीभाडं, फी आणि बुडालेली हजेरी हे तिन्ही मिळून आम्हाला परवडेना. उपचार लागू पडत होता, अर्ध्यात सुटला, आणि म्हणूनच आम्ही सरकारी दवाखान्यात मागणी केली.

आता तुमच्या उत्तराकडे येते.

करमणूक म्हणालात. १९९५ साली अमेरिकेत अटलांटाला बार्बरा रॉथबॉम या मानसशास्त्रज्ञ आणि लॅरी हॉजेस या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने उंचीची भीती असलेल्या विद्यार्थ्यांवर हा प्रयोग करून निकाल छापला, त्यात पूल होते, बाल्कन्या होत्या, काचेची लिफ्ट होती. म्हणजे तीस वर्षं झाली. त्यानंतर विमानाची भीती, कोळ्याची भीती, युद्धावरून आलेल्या सैनिकांचा आघात, लोकांसमोर बोलायची भीती, सगळ्यांवर काम झालं. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या टीमने उंचीची भीती असलेल्या १०० जणांची चाचणी घेतली, त्यातल्या साधारण निम्म्यांना व्हीआर दिलं, त्यात माणूस थेरपिस्टही नव्हता, हेडसेटमधलीच एक आभासी कोच सूचना द्यायची, आणि पेशंट आभासी इमारतीत उंचावर जाऊन झाडावर अडकलेलं मांजर सोडवायचे. या लोकांची भीती सरासरी तीस वर्षं जुनी होती. ती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये १९३ जणांची चाचणी झाली, त्यात तर महागडा हेडसेटही नव्हता, स्वतःचा मोबाईल आणि पुठ्ठ्याचा चष्मा, तरी वाट बघत थांबलेल्या लोकांपेक्षा त्यांची भीती बरीच कमी झाली. पुठ्ठ्याचा चष्मा काही शे रुपयांत येतो साहेब. बरा हेडसेट घेतला तरी एका चांगल्या मोबाईलच्या किमतीत बसतो. नियोजन समितीकडे नाविन्यपूर्ण योजनांसाठी वेगळा निधी ठेवलेला असतो, त्यात हे बसणार नाही तर काय बसेल?

दुसरं, ग्रामीण भागात निकड दिसत नाही म्हणालात. दिसणार कशी, कुणी मोजलीच नाही तर. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशाचं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं ते १२ राज्यांत, त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या दोन्ही बाजूंचे शेजारी गुजरात आणि मध्य प्रदेश होते. त्यात निघालं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. सातपुडा ओलांडला की माणसाचं मन बदलतं असं तर नाही ना.

आणि निकड बघायची असेल तर मी दाखवते. अर्जावर सह्या गोळा करताना लोक काय काय सांगत होते ते तुम्ही ऐकायला पाहिजे होतं. शेतीची लाईट रात्री येते, केळीच्या बागेत पाणी भरायला एकट्याने जावं लागतं, एकाच्या पायावरून साप गेला, चावला नाही, पण तेव्हापासून तो बागेत पाऊलच टाकत नाही, बाग दुसऱ्याला दिली. एक मावशी एमआरआयच्या मशीनमध्ये सरकवल्यावर किंचाळून बाहेर आल्या, परत गेल्या नाहीत, पाठीचं दुखणं तसंच आहे. चाळीसगावकडचा एक मुलगा कन्नड घाट लागला की गाडीतून उतरायला बघतो, म्हणून संभाजीनगरला लागलेली नोकरी सोडून घरी बसलाय. लग्न झालेली एक मुलगी बाजारात गर्दीत श्वास कोंडतो म्हणून वर्षानुवर्षं घराबाहेरच पडलेली नाही, सासरचे म्हणतात फार संस्कारी आहे. लेखी परीक्षेत पहिली आलेली पोरं तोंडी परीक्षेला चार माणसांसमोर थरथरतात आणि परत येतात, आम्ही म्हणतो नशीब. यातला प्रत्येक जण कामधंद्यातून, शिक्षणातून, नाहीतर दुसऱ्या आजाराच्या उपचारातून बाहेर फेकला गेलाय. आणि ही शहरी लोकांची दुखणी?

तिसरी गोष्ट माणसांची, आणि मला सगळ्यात जास्त तीच बोचते. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी, खान्देशात एकही नाही. बरं, फोबियाला भरती व्हायची गरजही नसते, जवळची ओपीडी पुरते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे आणि त्याच्या टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञांबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गोळ्या न देता बोलून आणि सराव करून घेऊन उपचार करणारा तज्ज्ञ, असावा असं सरकारच म्हणतं. आम्ही ज्या ज्या वेळी गेलो त्या वेळी ती खुर्ची रिकामी होती. डॉक्टर एकटे, बाहेर बाकावर रांग, एका पेशंटला जेमतेम चार-पाच मिनिटं, त्यात ते बिचारे गोळी लिहून देण्यापलीकडे काय करणार, त्यांच्याबद्दल माझी जराही तक्रार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम १८ मध्ये लिहिलंय की सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि राहत्या ठिकाणापासून पोचता येईल अशी मिळणं हा माणसाचा हक्क आहे. धडगाव-तोरणमाळच्या माणसाने घाट उतरून नंदुरबारला यायचं आणि तिथे सायकॉलॉजिस्ट नाही म्हणून आणखी पुढे नाशिकला जायचं, याला पोचता येणं म्हणतात का ते तुम्हीच सांगा.

चौथं, आणि हे लिहिताना मला खरंच राग येतोय. आपल्याच भागातल्या एका शिक्षणसंस्थेत डिजिटल लॅबसाठी व्हीआर हेडसेट आलेले आहेत. फीत कापली, फोटो छापून आले. मी चौकशीला गेले तेव्हा ते कपाटात होते, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेले, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. म्हणजे वस्तू घ्यायला पैसे मिळतात, वापरायला माणूस मिळत नाही. तसंच परत होणार असेल तर आम्हाला हेडसेट नकोच. नुसता हेडसेट हा उपचार नव्हे, कुणी यूट्यूब लावून पेशंटला एकदम दहाव्या मजल्यावर उभं केलं तर भीती उलट वाढेल आणि तो परत दवाखान्याचं तोंड बघणार नाही. आधी माणूस द्या, मग यंत्र.

मी काही व्हीआर म्हणजे जादू आहे असं म्हणत नाहीये. काहींना चक्कर येते, मळमळतं, कारण डोळे सांगतात हलतोय आणि कान सांगतो स्थिर आहे. फिट येणाऱ्या माणसाला डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायचा नसतो. ज्याला प्रत्यक्ष जिन्यावर, प्रत्यक्ष बाजारात नेऊन उपचार करता येतो त्याला तसाच करावा, अभ्यासांमध्ये दोन्हीचा परिणाम जवळपास सारखाच येतो, फक्त प्रत्यक्ष नेणं जिथे शक्य नाही किंवा पेशंट तयार नाही तिथे हे कामाला येतं. आणि मला हेही माहितीये की अक्कलकुव्यात कुपोषण आहे, सिकलसेल आहे, कितीतरी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नाहीत. त्यांचा एक रुपया काढून आम्हाला द्या असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण दर वेळी मानसिक आजाराचा विषय निघाला की दुसरं दुखणं पुढे करायचं आणि शेवटी दोन्हीकडे काहीच करायचं नाही, हे आता पुरे झालं.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. तिन्ही जिल्ह्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची किती पदं मंजूर आहेत, किती भरली आणि बाकीची कधी भरणार ते जाहीर करा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यातल्या निदान एका ठिकाणी तरी या वर्षी भीतीच्या आजारांची वेगळी ओपीडी सुरू करा, आठवड्यातून एक दिवस चालेल, पण ठरलेला दिवस, आणि तिथे आधी एक्सपोजरचं आणि मग व्हीआरचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस बसवा, प्रशिक्षणासाठी निम्हान्ससारख्या संस्थेशी बोलणं सुरू करा. कपाटातले हेडसेट पडून असतील तर ते उसने घ्या, नवीन खरेदीची घाई नको.

परदेशी सॉफ्टवेअरमध्ये न्यूयॉर्कच्या इमारती असतात, आमच्या लोकांना त्या कशाला? आपल्याकडे विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, पोरांना ३६० अंशाचा कॅमेरा द्या, ती कन्नड घाट, तापीवरचा पूल, भुसावळ स्टेशनचा गर्दीचा प्लॅटफॉर्म, रात्रीची केळीची बाग हे सगळं शूट करून आणतील, आणि सूचना मराठीत, अहिराणीत, पावरीत रेकॉर्ड करा. थेरपिस्ट सांगेल कुठलं दृश्य आधी आणि कुठलं नंतर. हे काम मुंबई-पुण्याचं कुणी आपल्यासाठी करणार नाही.

आशाताई आणि आरोग्य सेविकांना फोबिया आणि पॅनिक ओळखायला शिकवा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सेवा आहे, फुकट आहे, आमच्या गावात मी विचारलं तर कुणालाच माहिती नव्हती. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं कुणी असेल तर आजच लावा.

आणि शेवटची मागणी. आमचं नस्तीबद्ध केलेलं प्रकरण परत उघडा आणि पुढच्या नियोजन समितीच्या बैठकीत विषय म्हणून घ्या. तुम्हाला नकारच द्यायचा असेल तर तोही मान्य, पण मग लेखी उत्तरात हे लिहा की कोणत्या मानसोपचारतज्ज्ञांचा अभिप्राय घेऊन ठरवलं, आणि या उपचाराऐवजी खान्देशातल्या फोबियाच्या पेशंटने कुठे जायचं, कोणत्या दिवशी, कुणाला भेटायचं.

आपली नम्र,
पवनचक्कीवर काम करणाऱ्या एका माणसाची बायको
आणि अर्जावर सह्या करणारे सर्व जण